पोर्टेबल हार्ड डिस्क घेताना

पोर्टेबल हार्ड डिस्क म्हणजे लॅपटॉपमध्ये बसते तशी अडीच इंची डिस्क, प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या डबीत घातलेली. आत चकत्या मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेत असतात आणि त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर वाचण्या-लिहिण्याचे हेड तरंगत असते. साधा धुळीचा कणसुद्धा या फटीपेक्षा कितीतरी मोठा. चालू डिस्क टेबलावरून खाली पडली की बहुधा आटोपतेच. बंद असताना पडली तर वाचण्याची शक्यता बरीच असते. वेगळा अडॅप्टर लागत नाही, वीज आणि माहिती दोन्ही एकाच यूएसबी केबलमधून जातात. ही सोय आहे आणि दुखणेही.

दुकानात पहिला प्रश्न ‘कुठल्या कंपनीची?’ हा असतो. त्याला फार वजन देण्याचे कारण नाही. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डबीवर चौथे नाव असले तरी आतली डिस्क या तिघींपैकीच एकीची असते. तिघींच्याही डिस्क वर्षानुवर्षे चालतात आणि तिघींच्याही अचानक जातात. म्हणून खरेदीपूर्वी विचारायचा प्रश्न निराळा आहे : ही डिस्क बंद पडेल तेव्हा कशाने पडेल, आणि आतले परत मिळेल का?

डिस्क बंद पडायला दर वेळी चकतीच बिघडावी लागते असे नाही. केबल जिथे घुसते ते तोंड सैल झाले तरी पुरते. अनेक पोर्टेबल डिस्कना अजून रुंद, चपटे मायक्रो-बी तोंड असते आणि ते नाजूक असते. प्रस्तुत लेखकाची दोन टेराबाइटची डिस्क अशीच गेली. आधी केबल विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागे, पुढे तोही लागेना. दुरुस्तीवाल्याने पातळ पट्टीने डबी उचकटली तेव्हा आत नेहमीची साटा जोडणी नव्हतीच. यूएसबीचे तोंड डिस्कच्या बोर्डावरच सोल्डर केलेले, आणि त्याच्या चार पायांपैकी दोन उखडलेले. चकत्या, हेड, मोटर सगळे शाबूत. तरी डिस्क काढून दुसऱ्या डबीत घालण्याचा मार्ग बंद. त्याने भिंगाखाली नवे तोंड बसवून दिले म्हणून माहिती हाती आली. बोर्डच जळला असता तर प्रकरण अवघड होते, कारण अशा काही डिस्कमध्ये बोर्डावरची चिप सगळे काही आपोआप कूटबद्ध करून लिहिते, मालकाने पासवर्ड लावलेला असो वा नसो.

हे टाळायचे तर अडीच इंची साटा डिस्क आणि बाहेरची केसिंग वेगवेगळी घ्यावी. केसिंग काही शे रुपयांत मिळते. तोंड खराब झाले की केसिंग बदलायची, डिस्कला हातही लागत नाही. तयार डिस्कच घ्यायची असेल तर टाइप-सी तोंडाची पाहावी. ते तुलनेने टिकाऊ असते.

क्षमतेबाबत दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. एक टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. ही फसवणूक नव्हे : कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. खरी फसवणूक ऑनलाइन बाजारात दीड-दोन हजारांना मिळणाऱ्या १६ टेराबाइटच्या ‘एसएसडी’त असते. आत एखादी छोटी मेमरी चिप असते आणि तिला खोटी क्षमता सांगायला शिकवलेले असते. फायली चढलेल्या दिसतात, उघडत मात्र नाहीत. अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्कसुद्धा आजवर पाच-सहा टेराबाइटच्या पुढे गेलेली नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पैसे वाचतात. शंका असल्यास एचटूटेस्टडब्ल्यू हा फुकट प्रोग्रॅम लावावा. तो डिस्क काठोकाठ भरतो आणि भरलेले पुन्हा वाचून ताडून पाहतो. मोठ्या डिस्कला यात रात्र, कधी त्याहून जास्त वेळ जातो. परत करण्याची मुदत संपण्याआधी हे उरकावे.

जास्त क्षमतेच्या स्वस्त डिस्कमध्ये बहुधा एसएमआर पद्धत असते. तीत माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. जागा वाचते, पण एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. त्यामुळे मोठी कॉपी सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने सुरू होऊन मध्येच वीस-तीसवर येते. २०२० मध्ये तिन्ही कंपन्यांनी काही डिस्कमध्ये ही पद्धत ग्राहकाला न सांगता वापरल्याचे उघड झाले. बॅकअपला ती चालते. डिस्कवरूनच व्हिडिओ एडिट करायचा असेल तर अजिबात घेऊ नये.

अशा कामाला एसएसडी. तिच्यात हलणारा भाग नसल्याने ती पडझड सोसते आणि वेगात हार्ड डिस्कला कितीतरी मागे टाकते. पण दर टेराबाइटला महाग पडते, अनेकदा पूर्वसूचना न देता जाते, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणे फार कठीण. वर्षानुवर्षे विजेविना ठेवल्यास, विशेषतः उष्ण जागी, तिच्यातला विद्युतभार ओसरू शकतो. रोज पिशवीत फिरवायला एसएसडी, कपाटात ठेवायला हार्ड डिस्क, ही विभागणी बरी.

फॉरमॅटचा विचार घेतल्या घेतल्याच करावा, कारण नंतर बदलायचा तर डिस्क पुसावी लागते. एफएटी३२ वर चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ अडकतो तो इथेच. एनटीएफएस मॅकवर वाचता येते, लिहिता येत नाही. एक्सफॅट दोन्हीकडे चालते, पण ‘इजेक्ट’ न करता केबल उपटली तर जास्त लवकर बिघडते. घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस उत्तम.

जुन्या यूएसबी २.० तोंडातून ५०० जीबी चढवायला चार तास सहज जातात, ३.० मधून सव्वा-दीड तासात भागते. कॅबिनेटच्या पुढच्या तोंडातून कधी पुरेशी वीज मिळत नाही आणि डिस्क टक् टक् करते. अशा वेळी ती आधी मागच्या तोंडात लावून पाहावी. तिथेही आवाज येत असेल तर लगेच काढावी, पुन्हा पुन्हा लावून चकत्या ओरबाडून घेऊ नयेत.

एवढे पाहून घेतलेली डिस्कसुद्धा एकटीच असेल तर बॅकअप ठरत नाही. लॅपटॉपमधून फोटो पुसून डिस्कवर हलवले, म्हणजे जागा बदलली, प्रत एकच राहिली. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला ३-२-१ नियम असा : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद केल्या. म्हणून काम संपताच डिस्क काढून ठेवावी. आणि दोन्ही प्रती एकाच कपाटात ठेवण्यात अर्थ नाही, हे सांगली-कोल्हापूरकरांना २०१९ च्या पुरानंतर वेगळे सांगायला नको. एक भारी डिस्क घेण्यापेक्षा साध्या दोन घेऊन एक बहिणीकडे ठेवावी.

वॉरंटी बहुतेक डिस्कना दोन-तीन वर्षांची असते, बिल जपून ठेवावे. तीत डिस्क बदलून मिळते, माहिती नाही, आणि जमा केलेली डिस्क कंपनीकडेच राहते. आधार, पॅन, बँकेची कागदपत्रे तिच्यावर ठेवायची असतील तर पहिल्याच दिवशी पासवर्ड लावावा. बंद पडलेली डिस्क नंतर पुसताही येत नाही.