उरलेलं कूलंट गेलं कुठे?

प्रश्न : गाडीच्या पुस्तिकेत कूलंटची क्षमता साडेपाच लिटर लिहिली आहे. घरीच रेडिएटरखालचा ड्रेन प्लग सोडला, तर घमेल्यात जेमतेम ३.३ लिटर आलं. गळती कुठेच नाही. मग बाकीचं गेलं कुठे? आणि आता भरू काय, किती?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ते इंजिनातच आहे. प्लगमधून मुख्यतः रेडिएटर रिकामा होतो. सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांतलं आणि केबिन हीटरमधलं कूलंट जागेवरच राहतं. थंड इंजिनात थर्मोस्टॅटही बंद असतो, त्यामुळे त्याला धड वाट मिळत नाही. काही इंजिनांच्या ब्लॉकला वेगळा ड्रेन बोल्ट असतो, पण तो बहुधा अशा अडचणीत की घरी त्याच्या नादी न लागलेलं बरं.

म्हणून फ्लश करायचं. प्लग बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि इंजिन चालू करा. वरचा होस पाईप चांगला तापला की थर्मोस्टॅट उघडला. मग इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि पाणी काढा. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही; आत दाब असतो, वाफ थेट तोंडावर येते. बोअरचं पाणी मात्र वापरू नका, त्यातले क्षार आत थर धरतात.

तुमच्या गाडीत दर वेळी २.२ लिटर, म्हणजे ४० टक्के, मागे राहतं. एका फेरीनंतर जुनं कूलंट ४० टक्के, दुसरीनंतर १६, तिसरीनंतर ६ च्या आसपास. चौथी फेरी हौसेची.

खरी गफलत पुढे होते. आत आता २.२ लिटर जवळजवळ निव्वळ पाणी आहे. त्यावर निम्मं पाणी असलेलं तयार कूलंट ३.३ लिटर ओतलंत, तर एकूण मिश्रणात कूलंट उरेल ३० टक्के. त्याऐवजी पाणी न मिसळलेलं कॉन्सन्ट्रेट आणा. साडेपाचच्या निम्मं, म्हणजे २.७५ लिटर, ते आधी ओता आणि उरलेलं अर्ध्या लिटरभर डिस्टिल्ड वॉटर. झालं ५०-५०.

साताऱ्यात कुठे पाणी गोठतंय, असं वाटेल. पण खंबाटकीच्या चढावर एसी लावून गाडी रेटताना उकळबिंदू वाढलेला हवा असतो, आणि गंज रोखणारी रसायनंही कूलंटमध्येच असतात. उलट, निव्वळ कॉन्सन्ट्रेटही भरू नका. उष्णता वाहून नेण्यात पाणी त्याच्यापेक्षा सरस आहे. हिरवा, गुलाबी, निळा या रंगांवर जाऊ नका, रंगाचं एकसारखं प्रमाण नाही. पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्या.

घमेल्यातलं जुनं कूलंट आजच झाकणाच्या कॅनमध्ये भरा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडक्यातही दगावतात. गटारात ओतू नका, कॅन गॅरेजवाल्याकडे द्या; जुनं कूलंट तो पुढे देतो का, तेवढं आधी विचारून घ्या.

नवं भरल्यावर झाकण उघडं ठेवून इंजिन थोडा वेळ चालू ठेवा, अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघेल. काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो पुस्तिकेत शोधा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, टाकीतली पातळी पाहा. थोडी उतरलेली असेल, तेवढी भरा. पुढेही रोज उतरत राहिली, तर मात्र गळती शोधायला हवी.