शकुंतलेची प्रतिकृती : आधी साल ठरवा

प्रश्न : मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरील ‘शकुंतला’ची छोटी प्रतिकृती करावयाची आहे. इंजिन-डब्यांची खात्रीलायक माहिती कशी मिळवावी?

उत्तर : सर्वप्रथम साल मुक्रर करावे, कारण ज्या मार्गावर १९९४च्या एप्रिलपर्यंत वाफेचे इंजिन धुराचे लोट सोडीत होते आणि तदनंतर डिझेल आले, त्या मार्गाची ‘सर्वसाधारण’ गाडी म्हणून काही वस्तूच अस्तित्वात नसते. त्या सालचे वेळापत्रक रद्दीवाल्याकडे धुंडाळावे; गाड्यांचा क्रम व थांबे त्यातून उलगडतील, डब्यांची रचना मात्र छायाचित्रांतूनच.

छायाचित्रावर तारीख नसेल तर हळहळू नये: इंजिन वाफेचे की डिझेलचे, एवढ्यावरून निम्मा निकाल लागतो. डब्याची लांबी अज्ञात असल्यास चित्रातील रुळांचे अंतर मोजपट्टी समजावे. ते ७६२ मिलिमीटर निश्चित आहे, फक्त डबा तिरका दिसत असेल तर हा हिशेब फसतो. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात हेच अंतर पावणेनऊ मिलिमीटर भरते, म्हणजे बाजारातील नऊ मिलिमीटरचे रूळ बिनदिक्कत चालतील.

निवृत्त गार्डांच्या आठवणी अवश्य टिपाव्यात, परंतु डब्यांच्या रंगाबाबत दोन साक्षी जुळल्याखेरीज कुंचला उचलू नये. आणि कापसाच्या गाठी विसरू नका. त्यांच्यासाठीच तर वऱ्हाडात हे रूळ पडले.