वजन किती उचललं म्हणजे 'चांगलं'?

सेरंगूनच्या जिममध्ये नवख्यांचा हमखास प्रश्न: "मी ६० किलोचा, ६० किलोचं स्क्वॉट मारतो. मग ९० किलोच्या मित्राने ९० मारायला हवं ना?"

नाही. स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, शरीराचं वजन मात्र घनफळावर. त्यामुळे वजन दीडपट झालं तरी ताकद साधारण १.३ पटच होते. मित्राचा बरोबरीचा आकडा सुमारे ७९ किलो.

आपला कमाल आकडा काढायला जीव खाऊन उचलायची गरज नाही. ४० किलो जास्तीत जास्त सहा वेळा नीट उचलता आलं, तर एप्लेच्या सूत्राने ४० × (१ + ६/३०) = ४८ किलो. हा अंदाजच, पण सुरुवातीला पुरेसा.

ध्येयही छोटं ठेवा. ठरलेली सगळी आवर्तनं नीट जमली, की २.५ किलो वाढवा.

सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण एका किलोने हुकलं आणि १३९ किलोच्या प्रयत्नात कोपर दुखावलं. त्याच्यासमोर सुवर्णपदक होतं. आपल्यासमोर फक्त मागच्या महिन्याची वही आहे.