ज्याचे औषध त्यालाच
(घरोघरी शिकविण्याचा पाठ)

वाळूज येथे आमच्या घरी एक करडे मांजर होते. गेल्या पावसाळ्यात ते एके दिवशी अन्न सोडून कोपऱ्यात पडून राहिले. अंगास हात लावून पाहता ते तापलेले वाटले. घरात आमच्या तापाकरिता आणलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या होत्या. माणसास सबंध गोळी देतात, तर मांजरास अर्धी देण्यास काय हरकत, असा हिशेब करून आम्ही ती कुस्करून त्याच्या तोंडात घातली. सायंकाळी त्याच्या हिरड्या तपकिरी झाल्या व धाप लागली. पहाटे ते मेले. आमची दया खरी होती, पण ज्ञान नव्हते. ही चूक दुसऱ्या घरी होऊ नये म्हणून हा पाठ लिहीत आहो.

आम्ही केवळ वजनाचा हिशेब केला, तेथेच चुकलो. पोटात गेलेले औषध निकामी करून बाहेर टाकणे हे शरीराचे काम होय, आणि ती शक्ती प्रत्येक जातीच्या प्राण्यात वेगळी असते. मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉल निकामी करण्याची शक्ती फारच अपुरी असते. त्यामुळे त्याचे रक्त बिघडून प्राणवायू वाहून नेईनासे होते. कुत्र्यास आयब्युप्रोफेन दिल्यास पोटात व्रण पडतात व मूत्रपिंडे बिघडतात.

याच गोष्टीची मोठी साक्ष आपल्या देशात घडली आहे. मेलेले ढोर शिवाराबाहेर टाकले की गिधाडांचा थवा उतरत असे, हे वडीलधाऱ्यांस आठवत असेल. पुढे शंभरांतील नव्वदांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक देत. असे गुरू मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. २००६ साली सरकारने गुरांकरिता ते औषध बंद केले. तरी माणसांकरिता असलेल्या मोठ्या कुप्या गुरांस टोचल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ साली माणसांची कुपीही ३ मिलिलिटरची, एका वेळेपुरती करावी लागली. गुरास गुण देणारे औषध पाखरास विष झाले.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. निमेसुलाइड हे औषध १२ वर्षांखालील मुलांस देण्यास २०११ पासून बंदी आहे. तापातील मुलास ॲस्पिरिन आपल्या मनाने कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलच्या पातळ औषधातही ५ मिलिलिटरमध्ये कोठे १२० वा १२५, तर कोठे २५० मिलिग्रॅम असते. बाटली बदलली की तोच चमचा दुप्पट होतो. दोन वर्षांखालील बाळास खोकल्याचे औषध देऊ नये.

यास्तव प्रत्येक घराने पुढील नेम पाळावे :

१. औषध मूळ वेष्टनातच ठेवावे. माणसांचे एका फळीवर, गुरांचे दुसरीकडे, दोन्ही मुलांच्या हातास न लागतील अशी. कारखान्यातून येणाऱ्यांनी दुखण्याच्या गोळ्या सदऱ्याच्या खिशात ठेवून सदरा खुंटीस टांगू नये.

२. एकाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत.

३. पातळ औषध बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे.

४. गोचिडांचे औषध मुलांच्या डोक्यातील उवांस लावू नये.

५. गाईम्हशीस औषध दिल्यावर किती दिवस दूध वापरू अगर विकू नये, हे डॉक्टरांस विचारावे.

६. चुकीचे औषध पोटात गेल्यास आपल्या मनाने ओकारी काढू नये. रिकामे वेष्टन सोबत घेऊन त्वरित दवाखाना गाठावा. माणसाकरिता १०८ व जनावराकरिता १९६२ या क्रमांकावर कळवावे.

प्रचारक बंधूंस एक विनंती. आपणांस वाचता येते म्हणून लोक वेष्टन घेऊन आपल्याकडे येतात. नाव, प्रमाण व मुदत अवश्य वाचून सांगा. पण ‘घ्या’ असे मात्र सांगू नका. ते सांगणे डॉक्टरांचे आहे.

विचारावयाचे प्रश्न : आपल्या घरातील प्रत्येक गोळी कोणाकरिता आणली होती? तिची मुदत कधी संपते? तिच्यापर्यंत कोणाचा हात पोहोचतो? आज दिवेलागणीपूर्वी फळी उतरवून पाहा. मांजराच्या वेळी हे प्रश्न आम्ही स्वतःस विचारले नव्हते.