व्यवसाय विषय घेतला की इंजिनिअरिंग बंद?

प्रश्न : मुलगी जबलपूरच्या सरकारी शाळेतून दहावी झाली. अकरावीतही इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय विषयच हवा म्हणते. इंजिनिअरिंगची दारं बंद होतील का? — एक आई, राइट टाऊन

उत्तर : ताई, नाही होणार. व्यवसाय विषय घेणं म्हणजे आयटीआयला जाणं नव्हे. बारावी ती बारावीच. मात्र गणित आणि भौतिकशास्त्र सोडू देऊ नका. एनआयटीला हे दोन्ही लागतातच. तिसरा विषय म्हणून रसायनशास्त्राऐवजी तांत्रिक व्यवसाय विषयही चालतो. हा विषय नेमका कशाच्या जागी येतो, ते फॉर्म भरण्याआधी शाळेत विचाराच. दुसरी वाट कला निकेतन पॉलिटेक्निकची : तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. हातात सोल्डरिंग गन घेऊन रमणारी मुलगी असेल, तर मला हीच वाट अधिक पटते.