जपानमधला दुसऱ्या वर्षीचा कर

टोकियोच्या निशि-कासाई भागात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिलं वर्षभर हातात येणारा पगार बरा वाटतो. घरभाडं, मुलांची शाळा, घरी पाठवायचे पैसे, सगळं त्यावरच बेततं. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये पगार तोच राहतो, हातात मात्र कमी येतो. त्या महिन्यापासून ‘जूमिनझेइ’ म्हणजे रहिवासी कर कापला जाऊ लागतो. आयकर कंपनी दरमहा कापते आणि वर्षअखेरीस हिशेब जुळवते, त्यामुळे त्याची फारशी चिंता नको. रहिवासी कर मात्र निघण्यापूर्वीच समजून घ्या.

हा कर करपात्र उत्पन्नाच्या साधारण १० टक्के, अधिक वर्षाला सुमारे ५,००० येन असतो. तो आधीच्या जानेवारी ते डिसेंबरमधल्या कमाईवर लागतो आणि जून ते पुढच्या मेपर्यंत हप्त्यांनी पगारातून वळता होतो. एप्रिल २०२४ मध्ये गेलेल्याची कपात जून २०२५ मध्ये सुरू झाली, तीही नऊच महिन्यांच्या कमाईवर. पूर्ण वर्षाचा भार जून २०२६ पासून. पगार वर्षाला ६० लाख येन असेल आणि माणूस एकटा असेल, तर सामाजिक विमा व नेहमीच्या वजावटी जाऊन हा कर ३ लाख येनच्या आसपास येतो. म्हणजे महिन्याला २५ हजार. पहिल्या पगारापासून तेवढी रक्कम बाजूला ठेवावी, हे मी आग्रहाने सांगेन.

कर कुणाला लागणार, हे १ जानेवारी या एका तारखेवर ठरतं. त्या दिवशी जपानमध्ये राहत असाल, तर सरलेल्या वर्षाच्या कमाईवरचा पूर्ण कर तुमच्या नावे लागतो, मग तुम्ही ५ जानेवारीला कायमचे परतलात तरी. तेच वॉर्ड ऑफिसात रीतसर नोंद करून डिसेंबरअखेर कायमचा मुक्काम हलवला, तर त्या वर्षाच्या कमाईवर हा कर लागत नाही. वरच्या उदाहरणात हा फरक ३ लाख येनचा आहे. परतीची तारीख तुमच्या हातात असेल, तर कंपनीशी आधीच बोलून घ्या. सुटीला घरी येऊन पुन्हा जाणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. आधी ठरलेल्या कराचे उरलेले हप्तेही द्यावेच लागतात. जानेवारी ते मेमध्ये नोकरी सोडली, तर ते सहसा शेवटच्या पगारातून एकदम कापले जातात. हा कर थकवू नका, व्हिसा वाढवताना किंवा कायम वास्तव्य मागताना कर भरल्याचे दाखले पाहिले जातात.

भारतातले आईवडील खरोखर तुमच्यावर अवलंबून असतील, तर त्यांच्यासाठी वजावट मिळते. वरच्या पगाराला एका पालकामागे आयकर आणि रहिवासी कर मिळून साधारण ७० हजार येन वाचतात. पालकाचं वय ३० ते ६९ असेल, तर सहसा वर्षाला किमान ३ लाख ८० हजार येन पाठवल्याचा पुरावा लागतो. दोघांचे पैसे वडिलांच्याच खात्यावर टाकले तर आईची वजावट जाते. प्रत्येकाच्या खात्यावर वेगळे पाठवा आणि बँकेच्या पावत्या जपा. नात्याच्या दाखल्याचं जपानी भाषांतरही लागतं.

पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं किंवा मुदत ठेवीचं व्याज पहिली पाच वर्षं जपानमध्ये सहसा करपात्र नसतं. पण यांपैकी एखाद्या वर्षी भारतातून जपानला पैसे मागवले, तर त्या वर्षीचं हे उत्पन्न करात येऊ शकतं.

भारताच्या बाजूने निघण्याची तारीख बघा. नोकरीसाठी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिला, तर तो इथला निवासी ठरतो. म्हणजे २८ सप्टेंबरनंतर विमानात बसणाऱ्याला मार्चपर्यंतचा जपानी पगारही भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागतो. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण कागदपत्रं वेळेत द्यावी लागतात.

जपानी पेन्शनमध्ये किमान सहा महिने पैसे भरले असतील, तर परतल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परताव्यासाठी अर्ज करता येतो. तो जास्तीत जास्त पाच वर्षांच्या भरण्यावर मिळतो. भारतीय कंपनीने पाठवलेल्यांचा पीएफ इथेच चालू असेल, तर २०१६ पासून लागू असलेल्या भारत-जपान करारानुसार पाच वर्षांपर्यंत तिथलं पेन्शन भरावं लागत नाही, म्हणून परतावाही नसतो. नोकरदारांच्या पेन्शनच्या परताव्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो. तोही बहुतेक वेळा परत मिळतो, पण त्यासाठी जपानमध्ये राहणारा कर-प्रतिनिधी नेमावा लागतो. विश्वासू मित्र चालतो, व्यावसायिकच हवा असं नाही. त्याच्या नावाचा अर्ज निघण्यापूर्वीच कर कार्यालयात देऊन ठेवा.