राष्ट्रपती-पुरस्कार आणि स्काऊटचे आचरण : एक विचार

एखाद्या स्काऊटने नेमून दिलेल्या सर्व चाचण्या पार केल्या, हवे ते बॅज मिळविले, लॉगबुक पूर्ण केले. परंतु त्याचे वर्तन स्काऊटला शोभणारे नाही, अथवा त्याने सारे काही 'ताकापुरते रामायण' या न्यायाने उरकले, तर त्याला सर्वोच्च पुरस्कार द्यावा काय? वरवर पाहता हा प्रश्न शाळकरी मुलांचा वाटतो. परंतु राष्ट्रीय सेवा योजनेचे प्रमाणपत्र, एन.सी.सी.चे 'सी' सर्टिफिकेट, फार काय, आपली पदवीसुद्धा याच प्रश्नाच्या कक्षेत येते. म्हणून महाविद्यालयाच्या वार्षिकात त्याची चर्चा अस्थानी ठरू नये.

धरमपेठेतील एका शाळेच्या पथकात मी पाच वर्षे स्काऊट होतो. त्या काळात या विषयावरील दोन मते नेहमी कानी पडत. पहिले मत असे की, नियमपुस्तकात जे लिहिले आहे ते मुलाने पूर्ण केले की पुरस्कार हा त्याचा हक्क झाला. त्याच्या स्वभावाशी परीक्षकाला कर्तव्य नाही. दुसरे मत असे की, स्काऊटिंग हे मुळात चारित्र्याचे शिक्षण असल्यामुळे ज्याचे चारित्र्य डागाळलेले आहे त्याने शंभर गाठी बांधल्या तरी तो स्काऊट नव्हेच. माझ्या मते ही दोन्ही मते अर्धवट आहेत. ती कशी, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पुरस्काराचे स्वरूप

१९०७ च्या ऑगस्ट महिन्यात बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांत बड्या शाळांतील मुले होती, तशी कामकरी घरांतील मुलेही होती. तेथून ही चळवळ जगभर पसरली. आपल्या देशात वेगवेगळ्या स्काऊट संस्था निघाल्या. त्यांचे एकीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट' ही संघटना अस्तित्वात आली आणि १९५१ मध्ये गाईड्सही त्यात सामील झाल्या. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि अखेरीस राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या स्काऊटला चढाव्या लागतात.

'सोपान' हा शब्द येथे मोठा अर्थपूर्ण आहे. जिन्याची वरची पायरी खालच्या पायऱ्यांवाचून गाठता येत नाही. राष्ट्रपती पुरस्कार हा एका दिवसाच्या परीक्षेचा निकाल नसून काही वर्षांच्या वाटचालीवरील शिक्कामोर्तब असते, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवी.

या शिक्क्याला व्यवहारातही किंमत आहे. रेल्वेच्या नोकरभरतीत स्काऊट-गाईडसाठी मोजक्या जागा राखीव असतात आणि त्यांसाठी राष्ट्रपती पुरस्कार ही एक प्रमुख पात्रता मानली जाते. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे या दोन्हींची विभागीय कार्यालये असल्यामुळे आपल्याकडील अनेक घरांत या पुरस्काराकडे भाकरीच्या दृष्टीने पाहिले जाते. त्यात गैर काही नाही. मात्र यामुळे दोन धोके उत्पन्न होतात. अपात्र मुलाला पुरस्कार दिला तर पात्र मुलाची जागा जाते. आणि पात्र मुलाला कोणाच्या मर्जीखातर अडविले तर त्याचे आयुष्यभराचे नुकसान होते. निवाडा करणाराने हे दोन्ही धोके डोळ्यांपुढे ठेवले पाहिजेत.

किमान प्रयत्नाचा प्रश्न

प्रथम 'पाट्या टाकणाऱ्या' स्काऊटचा विचार करू. त्याने बेचाळीस टक्क्यांनी पास होणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणे सर्व काही जेमतेम केले आहे. स्काऊटच्या वचनात 'होईल तितका प्रयत्न' करण्याची प्रतिज्ञा असते. यावर बोट ठेवून काही जण म्हणतात की, ज्याने पूर्ण शक्ती लावली नाही त्याने वचनभंगच केला.

हा युक्तिवाद मोहक आहे, पण तो टिकत नाही. दोन मुलांची कल्पना करा. एक अंगाने चपळ आणि बुद्धीने तल्लख. त्याला प्रथमोपचाराचे धडे दोन दिवसांत येतात आणि उरलेला वेळ तो उनाडक्या करतो. दुसरा मंद आहे. तो महिनाभर घाम गाळतो तेव्हा कुठे तेच धडे कसेबसे पार पाडतो. परीक्षेच्या मेजापुढे दोघांचे काम सारखेच दिसते. कोणी किती शक्ती लावली हे मोजण्याचा काटा परीक्षकाजवळ नसतो. पथकप्रमुखाला त्याचा अंदाज असतो. परंतु अंदाजावर बक्षिसी द्यावी, शिक्षा देऊ नये. किमान मर्यादा फार खाली आहे असे वाटत असेल तर ती सर्वांसाठी आणि आगाऊ जाहीर करून वाढवावी. एकट्या मुलासाठी, तेही शेवटच्या दिवशी, ती वाढविणे म्हणजे सामना संपल्यावर नियम बदलणे होय.

तथापि येथे एक फरक करावयास हवा. थोडे केलेले काम आणि न केलेले काम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपल्याकडील शाळांतून 'खरी कमाई' हा उपक्रम चालतो. मुलांनी शेजारीपाजारी जाऊन अंगण झाडावे, सायकल पुसावी, बाजारातून भाजी आणून द्यावी आणि मिळालेले पैसे कार्डावर नोंदवून जमा करावेत, अशी ही पद्धत. गोकुळपेठ बाजारातून कोणाची पिशवी वाहून आणून थोडेसेच पैसे मिळविणाऱ्या मुलाचा प्रयत्न किमान असेल, पण तो खरा आहे. याउलट वडिलांनी खिशातून नोट काढून दिली आणि मुलाने कार्डावर पाच घरांची नावे लिहिली, तर रक्कम मोठी असूनही ती 'खरी' नाही आणि 'कमाई'ही नाही. माझ्या पथकात दोन्ही प्रकारची कार्डे जमा होत आणि दोन्हींवर सारखीच सही होई. लॉगबुकांचीही तीच गत. न केलेल्या सहलींची वर्णने एका वहीतून दुसऱ्या वहीत सुबक अक्षरात उतरत असत. हा आळस नव्हे. ही खोटी नोंद आहे, आणि तिचा विचार गैरवर्तनाच्या सदरातच व्हावयास हवा.

गैरवर्तनाचा प्रश्न

स्काऊटच्या नियमांत पहिलाच नियम विश्वासार्हतेचा आहे. याचा अर्थ असा की, आचरण ही स्काऊटिंगला बाहेरून जोडलेली अट नसून अभ्यासक्रमाचाच भाग आहे. म्हणून 'चाचण्या पार केल्या की हक्क झाला' हे पहिले मत अपुरे पडते. विश्वासार्हता ही सुद्धा एक चाचणीच आहे. फक्त तिची तारीख आधी लागत नाही.

याची निकड समजण्यासाठी धरमपेठेपासून फार दूर जावयास नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी व आसपासच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी घरात शिरले. अशा वेळी पाण्यातील माणसाला ओढून काढावयाचे तर त्याच्या काखेखालून दोर घेऊन बोलाईन गाठ मारतात. कारण तिचा फास आवळत जात नाही. ज्याच्या वहीत ही गाठ आल्याची नोंद आहे, पण हाताला ती येत नाही, असा 'पुरस्कारप्राप्त' स्काऊट त्या पाण्यात काय उपयोगाचा? 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' हे एरवी हसण्यावारी नेता येते. पुराच्या पाण्यात ते कोणाच्या तरी जिवावर बेतते. खोट्या सहीचा अपराध कागदापुरता राहत नाही तो असा.

परंतु सर्वच गैरवर्तन एका मापाने मोजता येणार नाही. शिबिरात दिवे मालवल्यावर गोंगाट करणे, उशिरा येणे, गणवेश विसरणे हा पोरकटपणा झाला. लहान मुलांना सतत छळणे, दुबळ्याच्या डब्यावर डल्ला मारणे हे दुर्वर्तन झाले. चोरी, खोटी सही, दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा विश्वासघात झाला. पहिल्यासाठी समज द्यावी. दुसऱ्यासाठी सुधारण्याची मुदत द्यावी आणि सुधारणा दिसेपर्यंत पुढील सोपान थांबवावा. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र, पश्चात्ताप कृतीने सिद्ध होईपर्यंत, पुरस्कार देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याबाबत नागपूरकरांना अभिमान वाटावा अशा एका व्यक्तीचे स्मरण होते. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, १९४९ पासून मुख्य न्यायाधीश आणि १९५१ पासून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. स्काऊट चळवळीतही त्यांनी मोठे कार्य केले. १९५८ च्या विरसा सिंग खटल्यातील त्यांचे निकालपत्र कायद्याच्या विद्यार्थ्यांना सुपरिचित आहे. जखम आहे काय, ती कोणत्या स्वरूपाची आहे, नेमकी तीच जखम करण्याचा हेतू होता काय, आणि ती सामान्यतः मृत्यूस पुरेशी आहे काय, असे प्रश्न त्यांनी एकेक करून, क्रमाने सोडविण्यास सांगितले. खुनाच्या खटल्यात जी शिस्त, ती मुलाच्या बाबतीत का नसावी? घटना घडली काय, ती कोणत्या प्रकारात मोडते, ती जाणूनबुजून केली काय, आणि तिचा विश्वासार्हतेशी संबंध आहे काय, हे प्रश्न असेच वेगवेगळे विचारावेत. 'तो मुलगा मुळातच वाया गेलेला आहे' हे एका प्रश्नाचेही उत्तर नव्हे.

दोन परकीय उदाहरणे

१९२० मध्ये इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांनी असे मत व्यक्त केले होते की, व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी पुढे खुनी ठरला तरी त्याचे पदक काढून घेऊ नये. हे मत मला योग्य वाटते. कारण ते पदक एका विशिष्ट कृतीसाठी असते. नामदेव जाधव यांनी १९४५ मध्ये इटलीत जो पराक्रम केला तो घडून गेला. पुढील कोणत्याही गोष्टीने तो न घडलेला ठरत नाही. स्काऊटचा पुरस्कार मात्र कृतीचा नसून व्यक्तीच्या जडणघडणीचा आहे. म्हणून येथे आचरणाचा विचार टाळता येत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील ईगल स्काऊटचे. हे पद १९१२ पासून दिले जाते. त्यासाठी किमान एकवीस बॅज लागतात आणि स्काऊटच्या नियमांप्रमाणे वागल्याची अटही असते. परंतु त्याचबरोबर, ठरलेल्या अटींत कोणत्याही पथकाने भर घालू नये अथवा घट करू नये असा दंडक आहे, आणि नकार मिळालेल्या मुलाला अपिलाचा अधिकार आहे. आचरण पाहावे, पण मनमानी करू नये, हा समतोल घेण्यासारखा आहे.

निवाडा कोणी आणि केव्हा करावा?

माझ्या मते खरा कळीचा मुद्दा हा आहे. आचरणाची अट संदिग्ध ठेवली की तिच्या आडून मर्जी, नातेगोते, जातपात, शिकवणी वर्गातील राग-लोभ असे सर्व काही आत शिरते. गरीब घरचा तोंडाळ मुलगा 'उद्धट' ठरतो आणि प्रतिष्ठित घरचा तसाच मुलगा 'बाणेदार' ठरतो. हे टाळण्याचा उपाय स्काऊट पद्धतीतच आहे. प्रत्येक पथकात कोर्ट ऑफ ऑनर, म्हणजे संघनायकांची सभा असते. शिस्तीचे प्रश्न मुलांनीच, मुलाला समक्ष बोलावून, त्याचे म्हणणे ऐकून सोडवावेत, ही त्यामागील कल्पना. अनेक ठिकाणी ही सभा केवळ कागदावर राहते. ती जिवंत केली तर तक्रार घडल्या वेळी नोंदली जाईल, मुलाला ती कळेल आणि सुधारण्यास अवधी मिळेल.

अवधीचे महत्त्व विशेष आहे, कारण स्काऊट विभागाला वयाची मर्यादा असते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला शेवटच्या टप्प्यावर 'अजून वर्षभर थांब' असे सांगणे म्हणजे कित्येकदा कायमचा नकार देणे असते. तिसऱ्या सोपानावर ज्याच्या वागण्याबद्दल अवाक्षर काढले नाही, त्याला राष्ट्रपती पुरस्काराच्या दारात जुन्या गोष्टी काढून अडविणे हा अन्याय होय. त्या मुलाइतकेच, किंबहुना अधिक, दोषी ते आहेत ज्यांनी खालच्या पायऱ्यांवर डोळे मिटून सह्या केल्या. अर्थात् एखादा विश्वासघात नंतर उघडकीस आला तर पुरस्कार रोखणे भाग आहे. पण तेव्हाही आरोप सांगून, म्हणणे ऐकून आणि कारणे लेखी देऊनच.

समारोप

सारांश, किमान प्रयत्न हे पुरस्कार नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. खोटा प्रयत्न हे होऊ शकते. पोरकटपणाने पुरस्कार जाऊ नये; विश्वासघाताने तो थांबला पाहिजे. आणि हा निर्णय जिन्याच्या माथ्यावर एकदाच न घेता प्रत्येक पायरीवर, त्या त्या वेळी घेतला गेला पाहिजे.

आपल्यापैकी पुष्कळ जण राष्ट्रीय सेवा योजनेत आहेत. तेथे दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. तास भरतात की भरविले जातात, हे आपल्याला आणि आपल्या प्राध्यापकांना चांगले ठाऊक असते. पुढील वेळी हजेरीच्या वहीवर सही करताना, आणि सरांनी त्याखाली सही करताना, तो एक तास खरोखर झाला की नाही एवढेच पाहिले, तरी प्रमाणपत्र कोणाला द्यावे हा वाद वर्षअखेरीस उरणार नाही.